नाचात दिसलेला आईचा हात

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून. वाचून झालं की मनातल्या मनात कारणं शोधते — झोप कमी, ताप, नाहीतर सरळ थाप. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत क्लिनिक आहे. माणसाचा हात का हलतो आणि का हलत नाही, हे सांगण्यावर माझं पोट चालतं. त्यामुळे खाली जे लिहितेय त्यात कुणीतरी मला फसवलं असणार, असंच मी अजूनही धरून चालले आहे. फक्त कुणी आणि कसं, ते सापडत नाही...

आधी आईबद्दल. तिला पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. शेवटपर्यंत ती फुलेवाडीला दादाकडे, मागच्या खोलीत होती. मी क्लिनिकच्या आधी आणि नंतर जाऊन तिचे व्यायाम घ्यायचे. दिवसभर सगळं वहिनी बघायच्या; आईला त्या आत्या म्हणायच्या.

आईला एक चाळा लागला होता. डाव्या हाताने चादरीची सुरकुती काढायची, मग मांडीवर वात वळायची — हातात कापूस नसताना. वळून झाली की ती डावीकडच्या खिडकीच्या उजेडात धरून बघायची, पसंत नाही अशी मान हलवायची आणि बाजूला ठेवायची. परत सुरकुती, परत वात. मेंदूला मार बसला की एखादं काम असं अडकून बसतं, त्यात मला नवल वाटलं नाही. पण त्याचा व्हिडिओ मी कुणाला काढू दिला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही त्या खोलीत फारसं बसू देत नव्हतो.

आई गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात शहरात कला महोत्सव झाला. कंटेम्पररी डान्सचे प्रयोग शाहूपुरीत, एका रिकाम्या गुळाच्या गोदामात होते. पत्र्याचं छप्पर, चार भिंती, खिडकी एकही नाही. कलाकारांचे पाय-पाठ आखडले तर कुणीतरी हवं म्हणून आयोजकांनी मला बोलावलं होतं. जेवणाचे डबे वहिनींचे होते. त्या घरातूनच मेस चालवतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझा पहिला संशय तिथेच गेला.

पहिल्या संध्याकाळी रीमा नावाच्या मुलीचा सोलो होता. आसामची, राहते बंगळुरात, कोल्हापूरला पहिल्यांदाच आलेली. मी कडेला खुर्चीवर बसून, खरं सांगायचं तर, मोबाइल बघत होते. हे नाच मला फारसे कळत नाहीत. मान वर केली तेव्हा ती जमिनीवर बसली होती. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, अंगठा तळव्यात दुमडलेला — झटका आलेल्या माणसाचा असतो तसा. तिच्या डाव्या हाताने जमिनीवरची नसलेली सुरकुती काढली. मग मांडीवर वात वळली. ती डावीकडे, उजेडात धरावी तशी धरली — जिथे नुसती भिंत होती — आणि मान हलवून बाजूला ठेवली.

माझे कान गरम झाले. भीती नव्हती ती, संताप होता. आमच्या घरातली गोष्ट कुणीतरी हिला सांगितली होती आणि लोक तिकडे टक लावून बघत होते.

त्यानंतर तिने आणखी एक केलं. डाव्या हाताने उजवा हात उचलला, बोटं एकेक करून उघडली आणि तो तळवा स्वतःच्या गालावर ठेवला. डोळे मिटून तशीच बसून राहिली. आई असलं काही करत नव्हती. मला वाटलं, मीठमसाला लावलाय. शेजारची बाई डोळे पुसत होती, त्याने तर मी अजूनच चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलेवाडीला गेले. वहिनी भाकऱ्या थापत होत्या.

"वहिनी, डबे द्यायला जाता तेव्हा त्या नाचणाऱ्या पोरींशी बोलता का?"

"मी गेटवर डबं देऊन माघारी येतो, वन्सं. त्यांची भाषा मला कुठली येतीया?"

"मग आईचं वाती वळणं त्यांना कुणी सांगितलं?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "मी कुणाला न्हाय सांगितलं. का वो?"

मी सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा. शेवटी म्हटलं, "वर आणि त्या लुळ्या हाताचंही नाटक घातलंय."

"कसलं नाटक?"

मी सांगणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "थांबा. तुम्ही बोलू नगासा." त्यांनी पीठ लागलेल्या डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात धरून उचलला. बोटं एकेक करून सरळ केली आणि तळवा गालाला लावला. गालावर पीठ उमटलं.

मी तिथेच पाटावर बसले.

"दुपारी करायच्या आत्या," वहिनी हळू बोलल्या. "तुम्ही दवाखान्यात असायचा. मी आत गेलो की हात खाली टाकायच्या, म्हणून मी दाराआडनं बघत हुतो. त्यांचं त्यांनाच कुरवाळून घेत हुत्या. ते काय सांगायचं लोकांस्नी? तुमच्या दादालाबी बोललो न्हाय."

दादा तोवर दारात आला होता. त्याने विचारलं, "काय चाललंय सकाळी सकाळी?" वहिनींनी गालावरचं पीठ पुसलं आणि तव्यावरची भाकरी उतरवली.

म्हणजे बघा — सांगितलं असतं तर वहिनींनीच. ते गालाचं दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं. म्हणून मी दुपारी गोदामावर जाऊन रीमाला एकटीला गाठलं. तिच्या पोटरीला पट्टी बांधता बांधता हिंदीतून विचारलं, ते बसून केलेलं कुठून शिकलीस?

"कुठलं बसून?"

"मांडीवर हात फिरवत होतीस ते."

ती जरा ओशाळली. म्हणाली, नाचात त्या ठिकाणी ती प्रत्येक गावात सुचेल ते करते, पण नेहमी उभ्यानेच. इथे खाली का बसली तिला सांगता येईना. थकले असेन, म्हणाली. मी तिला वाती माहीत आहेत का विचारलं. माहीत होत्या, पण आपण वात वळत होतो हे तिच्या डोक्यातही नव्हतं. घरात कुणाला झटका आला होता का? नाही. तिने फोनवर आधीच्या गावांतले व्हिडिओ दाखवले. सगळीकडे उभीच होती. मी मुद्दाम वहिनींचा फोटो दाखवला. तिने ओळखलं नाही. खोटं बोलणाऱ्याचं अंग कुठेतरी ताठतं. माझा हात तिच्या पोटरीवर होता, ती सैलच होती. पण नाचणारी बाई... तिचं अंग तिच्या ताब्यात असणारच ना?

त्या संध्याकाळी तिच्या दुसऱ्या प्रयोगाला मी वहिनींना सोबत नेलं. रीमा बसली नाही. उभ्यानेच काहीतरी करून निघून गेली. मी सावध केलं म्हणून टाळलं असेल, असंही मला वाटून गेलं. वहिनी मात्र शेवटपर्यंत तिच्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

पहिल्या प्रयोगाचं शूटिंग माझ्याकडे आहे. त्यात धूसर सावल्या वगैरे काही नाही. एक मुलगी बसते, हात हलवते, उठते. तुम्ही बघितलंत तर म्हणाल, यात काय आहे? झटका आलेली माणसं तिने कुठेही बघितली असतील, हे मलाही मान्य. पण निम्मं मी बघितलेलं आणि निम्मं फक्त वहिनींनी, हे तिने एकत्र कसं आणलं, तिथे माझं डोकं चालत नाही.

मध्यंतरी रीमाचा मेसेज आला. पुढच्या गावांत तिने तसं बसून बघितलं, पण हात नुसता पडून राहतो, पुढचं काही येत नाही म्हणे. लोकांना ते आवडलं होतं. नीट कसं करायचं ते मी शिकवेन का, असं विचारलंय.

इतक्या सरळपणे कुणी विचारतं का? का हीसुद्धा चाल आहे? वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं. मग म्हणाल्या, "शिकवू नगासा. तेवढं आत्यांचं त्यांच्यापाशी ऱ्हाऊ दे."

मी रीमाला अजून उत्तर दिलेलं नाही.