शालिकदादाचा बांबू

घरातलं माणूस गेलं की लोक बसायला येतात, आणि येताना प्रत्येक जण एक किस्सा घेऊन येतो. आधी चहा घेतात, मग कोणीतरी म्हणतो, "शालिक एकदा काय बोलला होता, मालूम आहे का?" माझा मोठा भाऊ शालिकदादा गेला तेव्हापासून आमच्या ओसरीवर असे किस्से साचत चालले आहेत. जवळजवळ सगळे ट्रॅक्टरचे आहेत. जो ट्रॅक्टर त्यानं कधी घेतलाच नाही, त्याचे.

मी सातवीत शाळा सोडली, त्यामुळे लिहिण्यात चुकलो तर समजून घ्या. पण हे किस्से मी सोडून दुसऱ्या कोणी लिहिलेले मला सहन होणार नाहीत.

*

आमचं शेत सौंदडजवळ आहे. चारी बाजूंना धान. बाबा गेल्यावर दादानं धान बंद केलं आणि सगळ्या शेतात गवत लावलं. गोंदियाच्या गोठेवाल्यांना वाळलेलं गवत वर्षभर लागतं, हे त्यानं हेरलं होतं. पण गावात सगळे धानातलं गवत उपटून फेकतात आणि हा मुद्दाम लावतो, म्हणून लोक हसायला लागले.

बाबांचे धाकटे भाऊ, आमचे सुखदेवकाका, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून म्हणाले, "शालिक, माणसाइले काही लावशील का सारं बैलाइलेच?"

दादा इळा थांबवून म्हणाला, "बैल खाऊन नावं त नाई ठेवत, काका."

*

गवताचं एक दुखणं असतं. कापून वाळलं की लगेच उचलावं लागतं. एक सर आली की काळं पडतं, मग जनावर तोंड लावत नाही. आणि नेमके त्याच दिवसांत किरायाचे ट्रॅक्टर धानात गुंतलेले. धान सोडून गवताला कोण येणार? एका वर्षी अर्धं गवत शेतातच सडलं. तो वास घेऊन दादा घरी आला आणि म्हणाला, "आपला ट्रॅक्टर पायजे."

पण शेतात शिरायच्या वाटेवर मोहाची दोन झाडं आहेत. एकाच वाटेच्या दोन बाजूंना, जवळजवळ. बाकी सगळीकडे दुसऱ्यांचे बांध. म्हणजे ट्रॅक्टर घ्यायचा तर त्या दोन झाडांमधून जाईल असाच. दादानं टेप आणला नाही. एक बांबू तोडला, झाडांच्या मध्ये आडवा धरून मापाचा केला, आणि तो घेऊन ट्रॅक्टर पाहायला निघाला.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "हे लाकूड कुठं घेऊन चालले?"

"ट्रॅक्टर पाहाले."

"मंग याचं तिकीट काढा."

"अर्धं द्या," दादा म्हणाला. "लहान आहे अजून."

*

गोंदियाच्या शोरूममध्ये मॅनेजर इंजिन किती ताकदीचं, गिअर किती, सगळं पाठ असल्यासारखं सांगत होता. दादा मागच्या दोन चाकांवर बांबू धरून पाहत होता. शेवटी मॅनेजर वैतागला. "भाईसाब, ट्रॅक्टर लेना है कि अलमारी?"

"कपाट एकदाच आत जाते," दादा म्हणाला. "हा रोज जाणार."

त्या दिवसापासून तिथं तो आला की पोरं आतूनच ओरडायची, "बांबूवाले आए!"

*

कोहमाऱ्याच्या फाट्यावर इस्माईल मिस्त्रीचं गॅरेज आहे. जुने ट्रॅक्टर तिथं दुरुस्तीला येतात, म्हणून दादा तिथं तासन् तास बसायचा. म्हणायचा, नवीन ट्रॅक्टर शोरूममध्ये सगळेच चांगले दिसतात, आजारी पडल्यावर कसा वागतो ते इथं समजते.

जाताना तो गवताची एक पेंढी न्यायचा. मिस्त्रीनं इंजिन चालू केलं की सायलेन्सरजवळ वाळलेलं गवत धरून उभा राहायचा. ठिणगी येते का, गवत करपते का. ट्रॉलीभर गवत ओढणारा ट्रॅक्टर स्वतःच आग लावणारा निघाला तर काय करायचं?

मिस्त्री म्हणाला, "शालिक, ये ट्रॅक्टर है, चूल्हा नहीं."

दादा म्हणाला, "दोघांत फरक आहे का, तेच पाहून राहिलो."

मिस्त्री परवा आमच्याकडे आला तेव्हा हेच सांगत होता. सांगता सांगता उठला आणि हात धुवायला विहिरीवर गेला. हात स्वच्छच होते.

*

एक किस्सा माझाही आहे. कामठ्याला एकाचा जुना ट्रॅक्टर विकायला निघाला होता. मोठा, लाल, आवाज असा की छातीत घुमावा. मी पाहिला आणि मला राहवलं नाही. "घरी दाखवून आणतो" म्हणून मालकाला कबूल केलं आणि तसाच चालवत सौंदडला घेऊन आलो. गावात शिरताना हॉर्न वाजवला. अर्धं गाव मागे चालत आलं.

मोहाच्या झाडांपाशी येऊन थांबलो. समोरची चाकं गेली. मागची जाईनात.

कोणी म्हणालं, एक झाड तोडा. कोणी म्हणालं, दोन्ही तोडा, सरपण होईल. दादा शेतातून चालत आला. ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली. मग मला विचारलं, "कोणतं तोडू? तू सांग."

मी झाडांकडे पाहिलं. त्यांची फुलं वेचून, वाळवून, विकून मायनं आम्हाला वाढवलं होतं. 

"मंग मागं घे," दादा म्हणाला. "आणि पुढच्या वेळी बांबू घेऊन जात जा."

अर्धं गाव बघत असताना मी तो ट्रॅक्टर मागे घेतला. दादा मागे उभा राहून हातानं दाखवत होता, "येऊ दे, येऊ दे." एकदाही हसला नाही. रात्री जेवताना मात्र मायला म्हणाला, "बंड्यानं आणला होता, पण चांगला होता व."

*

मायचे गुडघे दुखतात. शेत लांब आहे. दादाचं म्हणणं, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मायला चढता आलं पाहिजे. म्हणून एकदा तो तिलाही शोरूममध्ये घेऊन गेला. मॅनेजरनं खुर्ची दिली. दादानं मायला खुर्चीवरून उठवून ट्रॅक्टरवर बसवलं. माय चढली, पदर सावरून बसली, इकडून तिकडे पाहिलं. दादा म्हणाला, "उतर आता, माय."

माय म्हणाली, "थांब न. आत्ताच त बसली."

*

मग पावसाळ्यात दादाला ताप आला. गावात औषध घेतलं, मग गोंदियाला नेलं. तिथं खाटेवर पडून तो मला विचारायचा, "गवत केवढं झालं?" मी हातानं दाखवायचो. शेवटी शेवटी तो विचारत नव्हता. मी तरी दाखवत होतो.

तिरडी सुखदेवकाकांनी बांधली. पाऊस चालू होता, सगळी घाई होती. काही दिवसांनी मी दादाचा बांबू शोधला, तर दाराआड नाही, गोठ्यात नाही. काकांना विचारलं. काकांचा चेहराच उतरला.

"दाराआड वाळलेला, सरळ बांबू दिसला," ते म्हणाले. "फाडून आडव्या कामट्या केल्या. मले काय मालूम रे, बंडू."

 पण तेच काका दुसऱ्या दिवशी मायसमोर बसून म्हणाले, "यंदा गवत उचलाले ट्रॅक्टर नाई आला त शेत मले बटईनं, अर्ध्या वाट्यानं, द्या. मी धान लावतो. बंडूच्यानं हे होणार नाई." माय खाली बघत होती. तिनं नाही म्हटलं नाही.

गवत कमरेच्या वर गेलं होतं.

*

मी त्याच दिवशी नवीन बांबू तोडला. मोहांच्या मध्ये धरला. चाक घासू नये म्हणून चार बोटं सोडून कापला आणि दादानं ट्रॅक्टरसाठी साठवलेले पैसे बयाण्याला घेऊन गोंदियाला गेलो. मॅनेजरनं मला ओळखलं नाही, बांबूला ओळखलं.

"भाई नहीं आए?"

मी मान हलवली. त्याला समजलं. त्यानं चष्मा काढला.

मी एकामागून एक ट्रॅक्टर मापत गेलो. एक मापात बसला. मोठा, चांगला, अगदी बांबूएवढा. "हाच द्या," मी म्हणालो. मला घाई होती.

मॅनेजर म्हणाला, "रुको." तो आत गेला आणि एक जाळे काढायचा झाडू घेऊन आला. लांब बांबूला वर केरसुणी बांधलेली. त्यानं सुतळी सोडली, केरसुणी बाजूला ठेवली आणि बांबू माझ्या हातात दिला. "बस में रोज झगडा होता था, तो उन्होंने एक यहीं रख दिया था. जाले निकालने के काम आ रहा था. माफ करना."

मी दोन्ही बांबू शेजारी उभे केले. दादाचा माझ्या बांबूपेक्षा वीतभर कमी होता.

"माप चुकलं होतं त्याचं?" मी विचारलं.

"मैंने भी पूछा था," मॅनेजर म्हणाला. "बोले, झाडं वाढतात न साहेब."

मी दादाच्या बांबूनं पुन्हा मापलं. मोठा बसला नाही. त्याच्या बाजूचा लहान बसला. सायलेन्सर वर होता, मडगार्डची पायरी खाली होती. ट्रॅक्टर परवा घरी पोचवतो, असं मॅनेजर म्हणाला.

माझा बांबू मी तिथंच ठेवला, जाळ्यांसाठी. दादाचा घेऊन एसटीत बसलो.

कंडक्टर आला. मी म्हणालो, "सौंदड. दोन द्या. पूर्ण."

त्यानं माझ्या बाजूच्या सीटकडे पाहिलं. "दुसरा कुठं आहे?"

मी बांबू थोडा खिडकीकडे सरकवला.