रेड टार्नची पैज

पैज मी लावली होती आणि हरायचा माझा अजिबात विचार नव्हता.

गेल्या वर्षी पुण्यातल्या घरी बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि डावं मनगट मोडलं. मनगट यथावकाश जुळलं, पण लीड्सला राहणाऱ्या माझ्या लेकाने जी धास्ती घेतली ती काही गेली नाही. या वसंतात त्याच्याकडे राहायला आले, तर त्याने सगळं ठरवूनच ठेवलेलं. मला समोर बसवून लॅपटॉपवर पुण्याबाहेरच्या एका वृद्धनिवासाचे फोटो दाखवले. भिंतींना धरायला दांडे, बागेत ओळीने बसलेली माणसं, सगळ्यांच्या मांडीवर शाल.

"अगं आई, तिथे चोवीस तास नर्स असते."

"मला कशाला नर्स? मी काय आजारी आहे?"

"तू एकटी आहेस. परत पडलीस तर मला इथून यायला पूर्ण दिवस जातो."

वयाची सत्तरी ओलांडली तरी माझा सिंहगडाचा रविवार सहसा चुकत नाही. मोडलं ते मनगट, पाय नव्हेत. पण हे त्या घरात कोण ऐकणार? मी जिना चढायला लागले की लेक मागे हात पसरून उभा! शेवटी एका सकाळी चहा पिताना मी म्हटलं, "तुझ्या या देशात डोंगर आहेत ना? एक दाखव. कुणाचाही हात न धरता वर जाऊन गाडीपर्यंत परत आले, तर त्या निवासाचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही जमलं, तर तू म्हणशील तिथे जाऊन राहीन."

तो लगेच हो म्हणाला. म्हणजे मी हरणार याची त्याला खात्रीच होती. मला त्याचाच खरा राग आला.

त्याने निवडलं लेक डिस्ट्रिक्टमधलं रेड टार्न. डोंगराच्या कुशीतल्या तळ्याला तिकडे टार्न म्हणतात. सुनेला हॉस्पिटलमध्ये ड्युटी होती, म्हणून लेक, नात आणि मी असे तिघंच निघालो. पहाटे उठून मी दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि दाण्याची चटणी असा डबा भरला होता. ग्लेनरिडिंग गावात गाडी लावली, लेक डबा पाठपिशवीत टाकायला लागला, आणि माझ्यातली सिंहगडवाली जागी झाली.

"डबा राहू दे गाडीत. उगाच ओझं. वर गरम काहीतरी मिळेलच."

"आई, वर बहुतेक काही मिळत नाही."

"बहुतेक म्हणजे तुला माहीत नाही. अरे, एवढी माणसं चढतायत, वर कुणीतरी चहा टाकलाच असेल."

सिंहगडावर आम्ही रिकाम्या हातांनी जातो. वाटेत ताक, मीठ-तिखट लावलेली काकडी, वर गेलं की पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. माणसं डोंगर चढतात आणि वर भजी नाहीत, हे माझ्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. लेकानेही वाद घातला नाही. एवढ्या वर मी पोचणार नाहीच, असं त्याने धरलं असावं.

शिशाच्या जुन्या खाणीपर्यंत वाट सोपी होती. पुढे ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडला आणि दगड रचलेली चढण लागली. नात पुढे, मी मध्ये, लेक मागे. तिथेही त्याचे हात पसरलेलेच असणार, मी वळून पाहिलं नाही. वारा तोंडावर मारत होता. शेवटच्या चढावर गुडघे कुरकुरायला लागले, छाती भरून आली. एका खडकाला टेकून मी उभी राहिले, आणि क्षणभर मला खरोखर भीती वाटली. ती शालीवाली ओळ डोळ्यांसमोर आली. मग मी गुडघ्यांना सांगितलं, की आज माझं घर तुमच्यावर आहे, घरी गेल्यावर काय कुरकुरायचं ते कुरकुरा. निघाले.

"डॅडी, आजी स्लो नाही आहे," नात वरून ओरडली. "तू स्लो आहे!"

मागे पाहिलं, तर लेक कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता.

चढ संपला आणि तळं एकदम समोर आलं. परातीची कड उभी राहावी तसे तीन बाजूंनी कडे, मध्ये काळंनिळं पाणी, अगदी शांत. समोर हेल्वेलिनचा माथा, उजवीकडे एक टोकदार शिखर, डावीकडे धारेवरून मुंगीएवढी माणसं चाललेली. मी बूट-मोजे काढले आणि पाण्यात पाय घातले. पाणी इतकं गार की किंचाळलेच, आणि ती किंचाळी कड्यावरून परत आली. मग नात ओरडली, "आजीऽऽ!" डोंगरही आजी म्हणाला. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी एकटी हसत सुटले.

"चहा कुठाय?" लेकाने खडकावर बसत विचारलं.

मी चहूकडे पाहिलं. मेंढ्या होत्या. लांबवर एक जोडपं सँडविच खात होतं. बाकी फक्त वारा.

"तुमच्या लोकांना धंदा करता येत नाही," मी म्हटलं.

तो भुकेने पांढरा पडला होता. सकाळी गाडी चालवायची म्हणून नुसती कॉफी पिऊन निघाला होता. माझ्या कमरेच्या पाउचमध्ये नेहमीची डबी होती. गूळ, शेंगदाणे, आल्याच्या वड्या. ती तिघांत वाटली. लहानपणी खायचा तसा त्याने गूळ आधी संपवला आणि दाणे मुठीत ठेवले.

उतरताना पूल जवळ आला आणि लेकाच्या पोटरीत गोळा आला. तो कळवळून खाली बसला. मी पाय ताणून दिला, पोटरी चोळली, आणि उठताना त्याने माझा हात धरला.

"पैज," मी आठवण करून दिली.

"तू नाही धरलास, मी धरलाय," तो म्हणाला. मग खाली बघत पुढे म्हणाला, "आई, तू पडलीस तेव्हा फोन शेजारच्यांनी केला होता. तू नव्हे. मला फार भीती वाटली गं."

मी म्हटलं, "रोज सकाळी मी फोन करीन. आधी तुला, मग चहा." त्याने मान हलवली.

खाणीपाशी तो नीट चालायला लागला. पाय केव्हाच बरा झाला होता, हे मला चालीवरून कळत होतं. तरी गाडीपर्यंत त्याने हात सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही. गाडीपाशी डबा उघडला, तिघांनी उभ्याउभ्याच दशम्या खाल्ल्या. माझ्या घराची किल्ली पाउचमध्ये होती, ती एकदा चाचपून पाहिली. पैज मीच जिंकले होते.