शोभाताईंच्या डब्यातल्या मातीच्या पुड्या

ऑफिसातल्या फाइली दरवर्षी बांधून रेकॉर्ड रूमला जातात. किस्से मात्र टेबलावरच राहतात आणि दर चहाला एक नवा वर चढतो. आमची नगरपालिका जालना जिल्ह्यातली. गावाचं नाव विचारू नका, मला अजून पेन्शन घ्यायची आहे. मी तिथे बांधकाम विभागात इंजिनिअर.

गावाच्या मधोमध एक बंद कारखाना होता. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे तिथं. मालक एक दिवस कुलूप लावून निघून गेला, शिसं मात्र मातीत ठेवून गेला. अशा विषारी जागा साफ करून लोकांच्या उपयोगात आणायला सरकार निधी देतं, असं पत्र आलं आणि साहेबांनी फाइल माझ्या गळ्यात मारली. पुढचे सगळे किस्से त्या एका फाइलीतले.

*

निधीची पहिली अट होती की मूळ मालकाला नोटीस द्यायची. मालकाचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. शेवटचा पत्ता म्हणजे तो कारखानाच. मग आमचे मुकादम सलीमभाई गेले आणि गेटवर कणकेची खळ लावून नोटीस चिकटवून आले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "बजावली का नोटीस?"

"बजावली साहेब. बकरी ने खा ली."

"अहो, मग बजावल्याचा पुरावा काय? कुणाची सही घेतली?"

सलीमभाई म्हणाले, "बकरी की सही कैसे लेता साहेब? आप बोलो तो फिर जाता हूँ, वो अभी वहींच बैठी है."

*

कारखान्याच्या पडक्या भिंतीला लागून अंगणवाडी आहे. तिथल्या सेविका शोभाताई. दर सोमवारी पोरांना खिचडी वाढून झाली की त्या आमच्या ऑफिसात यायच्या, बाकावर बसायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "माती कधी उचलता?"

झालं होतं असं, की भिंत पडल्यापासून पोरं पलीकडं खेळायला जायची. तीन वर्षांची पोरं ती. हाताला लागेल ते तोंडात घालणार. ताई दिवसभर त्यांच्यामागं पळायच्या, मुठी उघडायच्या, तोंडात बोट घालून माती काढायच्या. एवढ्याशा जीवांना शिसं कायमचं बाधतं, हे त्यांना आरोग्याच्या ट्रेनिंगमध्ये कळलं होतं. आम्हाला तेवढंही माहीत नव्हतं.

पहिल्याच सोमवारी मी चहा मागवला. त्यांनी कप माझ्याकडं सरकवला. "माती उचलली की घेईन. तोवर तुमच्या हापिसातला चहा मला न्हाई."

पुढंपुढं असं झालं, की जिन्यावर ताईंच्या चपला वाजल्या की साहेब मागच्या दारानं निघायचे. एकदा ताईंनी साहेबांची चौकशी केली, तर खरात म्हणाले, "साहेब त्या कारखान्याच्या साइटवरच गेलेत ना ताई."

"बरं," ताई म्हणाल्या. "मी तिथूनच आले."

*

हे खरात म्हणजे आमचे स्वच्छता निरीक्षक. भला माणूस, पण त्यांच्याकडं जगातल्या प्रत्येक अडचणीवर एकच औषध, ते म्हणजे चुना. मंत्री आले, चुना. साथ आली, चुना. शाळेचं गॅदरिंग असलं तरी दोन्ही बाजूंनी चुन्याची रेघ.

आणि कळलं, की माती तपासायला मुंबईहून मॅडम येणार आहेत. माती विषारी निघाली तरच निधी मिळणार होता. तारीख ठरली आणि ऑफिसात लगबग सुरू झाली. साहेब येणार, मॅडम येणार म्हटलं की आमच्या हाताला वळणच तसं पडलंय. खरातांनी दोन दिवस राबून जागा लख्ख केली. चिखलात मॅडमचे बूट भरायला नकोत म्हणून शहागडकडून डंपरनं मुरूम मागवला आणि गेटपासून मधल्या चौथऱ्यापर्यंत चांगला दीड फूट जाड दाबून घेतला. कडेनं चुना. गेटात रांगोळी.

जालन्याला स्टेशनवर जाऊन मॅडमना मीच जीपमध्ये घेऊन आलो. त्या आल्या, चालल्या, मुरमातच पाच ठिकाणी मातीचे नमुने घेतले आणि गेल्या. खरात मला म्हणाले, "एक कागद सुदिक पडलेला न्हवता बघा."

मला तेव्हाही काही खटकलं नाही. हे मी मान्य करतो. मीसुद्धा रांगोळी चांगली झाली म्हणून त्यांची पाठ थोपटली होती.

महिन्यानं पत्र आलं. आपल्या नगरपालिकेची जागा पूर्णपणे सुरक्षित आढळली, त्याबद्दल अभिनंदन. खरातांनी अभिनंदनापर्यंतच वाचलं आणि पेढे वाटले. साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि मग पुढची ओळ वाचली: सबब निधी देता येत नाही.

*

ते सांगायला अंगणवाडीत मी गेलो. साहेबांना अचानक जालन्याला मीटिंग निघाली.

वाटलं, ताई ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. एका पोरीचा हात धूत होत्या, तो धुऊन झाला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "सर, दवाखान्यात दाखवायला जाताना कुणी पेशंटला पावडर लावून नेतं का?"

मी ते पत्र घडी करून खिशात टाकलं.

"एकदाच सांगते. पुन्हा बोलवा त्यांना. आन् ह्या वक्ताला खरातसाहेबांना घरी ठेवा."

*

फेरतपासणीसाठी सहा पत्रं लिहिली. शेवटी मॅडम पुन्हा यायला तयार झाल्या, पण स्पष्ट सांगून, की ही शेवटची वेळ.

मी खरातांना हात जोडले. "खरात, काही साफ करू नका. चुना नको, मुरूम नको, रांगोळी नको."

"बिलकुल न्हाई सर," खरात म्हणाले. "मला समजलं आता."

समजलं होतं, पण त्यांच्या पद्धतीनं. सकाळी मॅडमना घेऊन मी गेटात पाऊल टाकलं. अख्ख्या गावाचा कचरा तिथं येऊन पडला होता. खरात घामानं निथळत उभे. हळूच मला म्हणाले, "नऊ ट्रॉल्या टाकल्या सर. आता कोण म्हणतं जागा चांगली हाय?"

मॅडमनी पायानं एक जुडी उलटवली. मेथी हिरवीगार होती. "हा तर आजचा बाजार दिसतोय," त्या म्हणाल्या. "ओल्या कचऱ्याची योजना वेगळी आहे. त्या विभागाला लिहा." आणि बॅगेची चेन लावून जीपकडं वळल्या.

तेवढ्यात शोभाताई भिंतीवरून पाय टाकून पुढं आल्या. हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा. जीपच्या बॉनेटवर त्यांनी तो उघडला. आत वहीच्या कागदाच्या पुड्या होत्या, मिऱ्यांच्या असतात तशा. प्रत्येकीवर नाव. आरोही, शुक्रवार, मुठीतून. समीर, सोमवार, मुठीतून. आरोही, बुधवार, तोंडातून. आरोही, गुरुवार, तोंडातून.

"तुमच्या नियमात बसतं का न्हाई, मला म्हाईत न्हाई," ताई म्हणाल्या. "मी काढून राह्यले, ठेवून राह्यले. फेकायचं तरी कुठं? फेकलं की पुन्हा तेच खातेत."

मॅडमनी एक एक पुडी वाचली. मग बॅगेची चेन उघडली. "ही मुलं खेळतात कुठं, ते दाखवा."

अंगणवाडीच्या पडक्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात खरातांचा मुरूमही पोचला नव्हता आणि कचराही. मॅडमनी तिथं गुडघे टेकून नमुने घेतले. खरात रडत होते. मलाही फार लाज वाटली. सोमवारमागून सोमवार ती बाई आमच्या बाकावर बसून गेली आणि मी तिला पत्रांचे जावक नंबर सांगत राहिलो.

निधी मंजूर झाला.

*

माती उचलायचं काम सुरू झालं, तेव्हा सलीमभाई गेटवर पहारा देत होते. कारण आमच्याकडं फुकटचा भराव म्हटलं की लोक घमेली घेऊन येतात. एक म्हातारबाबा थेट ट्रॅक्टर घेऊन आले, घनसावंगीच्या बाजूचे.

"एक ट्रॉली टाका मुकादम."

"चाचा, ये मिट्टी जहर है. घर के पास मत डालो."

"घराकडं कोण टाकतंय? भावाच्या बांधाला टाकतो."

*

जागेवर नवी माती आली, कुंपण झालं, झोका झाला. शेवटची तपासणी करून अहवाल द्यायला मॅडम स्वतः आल्या. साहेबही आले, पुढच्या दारानं. खरातांना मी सकाळपासून माझ्या शेजारी खुर्चीत बसवून ठेवलं होतं. सलीमभाईंनी सगळ्यांना चहा दिला. शोभाताईंसमोर ट्रे आला आणि आम्ही सगळेच बोलायचं थांबलो. ताईंनी कप उचलला. बशीत ओतला.

साहेब अहवाल वाचत होते. तेवढ्यात आरोही झोक्यावरून उतरली, खाली बसली, नव्या मातीची मूठ भरली आणि सरळ तोंडात घातली.

साहेबांच्या हातून कागद पडले. खरात खुर्ची पाडून धावले. मॅडम धावल्या, मी धावलो.

शोभाताई जागच्या हलल्या नाहीत. बशीतला चहा फुंकून प्याल्या आणि म्हणाल्या, "बसा वो समदे. खाऊ द्या तिला. आजची माती पास झालेली हाय."