चंदाबाईंचा एक फटका

इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या गोदामात अठ्ठावीस वर्षं खोकी भरलेल्या चंदाबाई कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. सुपरवायझरने आवाज चढवला, की बाईंचा त्याच्याहून वर. सहासष्टाव्या वर्षी पोलीस स्टेशनात बसायची वेळ आली, तरी ताठा तोच.

झालं होतं असं. शाळेला हाफ टर्मची सुट्टी, भर दुपार. बाई स्वयंपाकघरात दाण्याचं कूट करत होत्या. मागचं दार फोडून एक धटिंगण आत शिरला, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि थेट नऊ वर्षांच्या नातीच्या, मायराच्या अंगावर. बाईंनी हातातला लोखंडी बत्ता त्याच्या डोक्यात हाणला. माणूस आडवा. आता तो आयसीयूत होता, आणि तो गेला तर खुनाचा आरोप येईल या धास्तीने मुलगा इंद्रजित अर्धा झाला होता.

"आई, 'मी घाबरले होते' एवढंच म्हण ना!"

"का म्हणू? संतापले होते मी. पोरीवर हत्यार घेऊन येतो, मेला!"

वकील स्नेहल इथेच जन्मलेली. मराठी लंगडं, पण कायदा पक्का. "काकू, घरात चोर घुसला तर लॉ तुमच्या बाजूने आहे. त्या वेळी जेवढा खरंच जरूर वाटला तेवढा मारू शकता, अगदी अति नको. पण डेंजर संपला की एक फटका पण जास्त नाही. राग सांगितला तर ते म्हणतील, सूड घेतला."

"म्हणून खोटं बोलू? या वयात? हॅट्!"

आत चौकशीच्या खोलीत अधिकाऱ्याने नेमकं तेच विचारलं. घाबरला होतात?

"नाही. चिडले होते," बाईंनी ठणकावलं. स्नेहलने डोळेच मिटले.

"मग पुन्हा का नाही मारलंत?"

"त्याच्या हातातलं पडलं होतं ना! मग कशाला मारू? मायराला ॲम्ब्युलन्स बोलवायला लावली, आणि ती येईपर्यंत मी त्याच्या डोक्यावर टॉवेल दाबून बसले. घाबरले म्हणाल तर तेव्हा घाबरले, तो मरतोय की काय म्हणून. हे पण घ्या तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये."

दीड महिन्याने पोलिसांचं पत्र आलं: पुढे कारवाई नाही. तो माणूसही वाचला होता. इंद्रजित रडत रडतच पेढे घेऊन आला.

"पेढे कसले? मी सुटले म्हणून?" बाई कडाडल्या. "मी काही गुन्हा केला होता का? वाटायचेच तर तो वाचला म्हणून वाट."