उताराला पायी चालणारे डाकमामा

सगळी दुनिया चढ आला की सायकलवरून उतरते आणि उतार आला की टांग मारून बसते. डाकमामांचं उलटं होतं. चढाला ते सीटवर बसून, मान खाली घालून, पायडल हाणत वर जायचे, आणि उतार लागला की उतरून सायकल हातात धरून पायी चालायचे. जळगाव जामोदला मी लहानाची मोठी झाले, तेव्हापासून त्यांना असंच पाहत आले. मागून येणारी पोरं घंटा वाजवत, ओरडत पुढे निघून जायची. मामांना त्याचं काही वाटायचं नाही. ते म्हणायचे, "चढ घाम मांगते, उतार हाडं मांगते. घाम मायाजवळ लय हाय."

ते डाकसेवक होते. सातपुड्याच्या पायथ्याची आणि थोडी वरची अशी पाच-सहा गावं त्यांच्याकडे होती. गावात त्यांचं नाव कोणी घेत नसे. म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांचे ते डाकमामा. माझ्या वडिलांची आणि त्यांची तहसील कचेरीच्या चहाच्या टपरीवरची ओळख. वडील तिथे कारकून होते. मला सायकल शिकवायचं वडिलांच्या मनात होतं पण कमरेत नव्हतं, म्हणून त्यांनी ते काम मामांवर टाकलं. मामांनी मला आधी आठ दिवस नुसतं पडायला शिकवलं. बुद्धविहाराच्या मागच्या मऊ जागेत सायकल वाकडी करायची, हँडल सोडायचं आणि अंग ढिलं टाकून आडवं व्हायचं. आई चिडली होती. मामा तिला म्हणाले, "वहिनी, हे पोरगी सायकलवर चढणार हाय म्हणजे पडणारच हाय. मंग नीट काऊन पडू नये?"

उताराची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ते टपालाची थैली घेऊन वरच्या वाडीहून उतरत होते. ब्रेकचा गट्टू गळून पडला आणि सायकल नाल्यातल्या गोट्यांत गेली. घोटा मोडला. सकाळचे पडलेले मामा उन्हं कलेपर्यंत तिथेच होते. शेवटी शेळ्या घेऊन येणाऱ्या भिलाला जमातीच्या एका बाईनं त्यांना पाहिलं. "पडलो त्याचं दुःख नोहोतं माय," ते म्हणाले होते. "पण मी कोठी हाय हे कोणालेच मालूम नाही, हे जे वाटते ना, थे लय वाईट." त्यानंतर ते उताराला कधी सायकलवर बसले नाहीत.

पुढे मी बी.पी.एड. करायला पुण्याला गेले. तिथे माझ्या 'मले-तुले'ला वर्ग हसला, म्हणून मी ते महिनाभरात गिळलं. गिअरची सायकल मिळवली आणि सह्याद्रीत जाणाऱ्या एका टोळक्यात सामील झाले. त्या टोळक्याचा एक नियम होता. जंगलातली, गुरांची, माणसांच्या पायांनी पडलेली वाट तीच खरी. मुद्दाम माती ओढून, वळणं बांधून केलेल्या ट्रॅकवर सायकल चालवणाऱ्यांना आम्ही नावं ठेवायचो. असले ट्रॅक म्हणजे बागेतली घसरगुंडी, असं मी स्वतः कितीदा तरी म्हटलं असेल.

शिक्षण संपवून, नोकरीच्या शोधात, मी घरी परतले तेव्हा मामा निवृत्त झाले होते. आणि गावात ट्रॅक झाला होता. गावाबाहेरच्या पडीक टेकडीवर मैदानाचं काम चालू होतं. उरलेला मुरूम आणि जेसीबीवाल्याची हौस यांच्या जोरावर गावातल्या सायकलवाल्यांनी तो करून घेतला होता. वरून खालपर्यंत नागमोडी पट्टा, मध्ये लहान उंचवटे, आणि प्रत्येक वळणाला बाहेरच्या अंगानं मातीचा वर उचललेला काठ, वाटीच्या कडेसारखा. सायकल वेगात आली तरी तो काठ तिला धरून ठेवतो आणि वळवून पुढे सोडतो.

मला वाटलं होतं, मामा या प्रकाराला हसतील. जन्मभर ज्यांनी जंगलातल्या वाटा तुडवल्या, ते माझ्याच बाजूचे असणार. पण मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा ते फावडं घेऊन एका वळणाचा काठ थापत होते. रोज संध्याकाळी येत होते म्हणे. पावसानं पडलेल्या घळी बुजवायचे, मोकळे खडे वेचून बाजूला टाकायचे.

"मामा, तुम्ही इथं?" मी म्हटलं. "हे तर पोरांचं खेळणं आहे."

"पुण्याची बोली घेऊन आली माय," ते हसले. मग फावड्यावर रेलून म्हणाले, "पाह्य, या वळणावर तू येण्याच्या आंधी कोणीतरी तुया इचार करून ठेवला हाय. इकून पडली तं हे माती धरीन तुले. जंगलातल्या वाटेनं कोणाचा इचार केला? थे आपली पडली हाय पाण्यानं, ढोरानं. वाईट नाही म्हणत मी. पण तिले आपली पर्वा नाही."

आणि त्या संध्याकाळी मी जे पाहिलं ते गावात इतर कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मामांनी धोतराला क्लिप लावली, टेकडीच्या माथ्यावर त्यांची ती काळी बावीस इंची सायकल नेली आणि तिच्यावर बसून उतारावरून खाली आले. ब्रेकच्या सळया खडखडत होत्या. पहिल्या वळणाला त्यांचा चेहरा आवळलेला होता, दुसऱ्याला जरा सैल झाला, आणि शेवटच्या काठावरून सायकल वळून सरळ झाली तेव्हा ते मोठ्यानं हसत होते. वयाची पासष्टी ओलांडलेला माणूस, इतक्या वर्षांनी उताराचा वारा तोंडावर घेऊन. "भल्ली मजा येते बाप्पा," असं धापा टाकत ते मला म्हणाले आणि लगेच पुन्हा वर निघाले.

मी मात्र माझा हेका सोडला नाही. मला त्यांची जुनी टपालाची वाट पाहायची होती. वरच्या वाडीला आता डांबरी रस्ता झाला होता, ती वाट कोणी वापरत नव्हतं, आणि ती कुठून कशी जाते हे नीट माहीत असणारा माणूस एकच उरला होता. मामा टाळत राहिले. कधी गुडघ्याचं कारण, कधी मामींच्या दवाखान्याचं. एकदा स्पष्टच म्हणाले, "तुले सायकल चालवाची हौस हाय ना? मंग ट्रॅकवर चालव. तठी माणसं असतात." मी ऐकलं नाही. नांदुऱ्याच्या शाळेत माझी नोकरी पक्की झाली तेव्हा मी त्यांना म्हटलं, आता जाणार मी, तेवढी एक वाट दाखवा. त्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही.

फाल्गुन होता. सागाची पानगळ सुरू झाली होती. आम्ही सकाळी निघालो. चढ मामा नेहमीसारखे सायकलवरच चढले, मीच दोनदा उतरले. वर पोहोचल्यावर वाडीत चहा घेतला. त्यांना ओळखणारी दोन-चार माणसं भेटली, "डाकमामा, आता कोनाची चिठ्ठी आनली?" म्हणून हसली. मामा त्या दिवशी फार आनंदात होते, हे मी लिहिलं पाहिजे.

उतार सुरू झाला आणि ते सवयीनं सायकल हातात धरून चालू लागले. वाटेवर सागाची मोठाली वाळकी पानं पसरली होती. मला खाली जायची घाई झाली होती. असा उतार मला वर्षभरात मिळाला नव्हता. मी मागे वळून म्हटलं, आणि तेव्हा माझ्या तोंडून नेमकी घरची बोली निघाली, "ट्रॅकवर तं बसून उतरता मामा, मंग अठी काऊन घाबरून राह्यले?"

ते माझ्याकडे पाहत थांबले. मग सायकलवर बसले.

पहिल्या वळणापर्यंत मी त्यांच्यासोबत होते. मग हात ब्रेकवरून निघाले आणि मी गेले. गोटे, मुळं, पानं सगळं चाकाखालून सरसरत गेलं. मागे पाहण्याचं भानच नव्हतं. खाली ओढ्याशी पोहोचले, फोटो काढले, डब्यातले गूळ-शेंगदाणे खाल्ले. मामा आले नाहीत. मला वाटलं, चार पावलांवर उतरले असतील आणि नेहमीसारखे पायी येत असतील. मनात थोडी चिडलेही होते, शेवटी ऐकलंच नाही म्हणून. पाऊण तास असा गेला. मग मी वर निघाले.

ते दुसऱ्या वळणाच्या खाली, धावड्याच्या बुंध्याशी पडलेले होते. पानांखाली खडी होती, वळणाला काठ नव्हता. एक पाय विचित्र वळला होता. माझी चाहूल लागताच त्यांनी डोळे उघडले.

"आली का माय?"

एवढंच म्हणाले. मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नोको. वाडीत जाय, मानसं आन." मी धावत वर गेले. फोनला रेंज नव्हती. वाडीतल्या चौघांनी बाज आणली आणि त्यांना तिच्यावर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. तिथून जीप मिळाली. अकोल्याला दवाखान्यात कागद भरताना बाईनं पेशंटचं पूर्ण नाव विचारलं आणि मला ते सांगता आलं नाही. स्ट्रेचरवरून मामाच म्हणाले, "सुखदेव लिहा."

खुब्याचं हाड मोडलं होतं. मामी, माझे वडील, गावातले सायकलवाले, सगळे आले. प्रत्येकाला मामांनी एकच सांगितलं, "पानावरून घसरलो. पोरगी संगच होती, म्हणून निभावलं." मी त्यांच्या उशाशी उभी होते. हे खोटं आहे असं मला म्हणता आलं नाही. वडिलांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला, शाबास म्हणून.

त्यानंतर मामा सायकलवर बसले नाहीत. वॉकर धरून अंगणापर्यंत, इतकंच. मी नांदुऱ्याला रुजू झाले. बसनं यायला फार वेळ लागत नाही, तरी दीड वर्षात मी त्यांच्याकडे तीनदा गेले. दर वेळी काहीतरी कारण काढून लवकर उठले. ते मात्र ट्रॅकची चौकशी करायचे. तिसऱ्या वळणाचा काठ खचतो, कोणी पाहतं का? मी सांगायची, पाहतात. खरं म्हणजे मी ट्रॅककडे फिरकलेच नव्हते. शेवटच्या भेटीत, मी चपला घालत होते तेव्हा, त्यांनी आतून हाक मारून विचारलं, "सायकल चालवतं ना माय?"

"हो मामा, रोज," मी म्हटलं.

सायकल वडिलांच्या घरी जिन्याखाली उभी होती. अपघाताच्या दिवसापासून मी तिला हात लावला नव्हता.

त्या हिवाळ्यात मामांच्या छातीत कफ झाला आणि आठवड्यात ते गेले. मला कळलं तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. मी पुण्यानुमोदनाच्या दिवशी गेले. त्रिशरण-पंचशील झालं, माणसं बोलली. भंते गेले, पंगती उठल्या. मामी स्वयंपाकघराच्या दारात एकट्या बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सांगून टाकलं. की त्या दिवशी मी सोबत नव्हते. की मीच त्यांना चिडवून सायकलवर बसवलं आणि पुढे निघून गेले. की ते पाऊण तास तिथे एकटे होते.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "त्यायनं दवाखान्यातच सांगतलं होतं."

"मग तुम्ही कधी बोलल्या नाहीत?"

"त्यायनं शपथ घातली होती. म्हणे, पोरीले बोल लावू नको. कोणी बोललं तं थे सायकल सोडून देईन." मग त्या म्हणाल्या, "तू त्या दिवशी रोज चालवतो म्हणून सांगून गेली, तं रातच्याला दोन भाकरी खाल्ल्या त्यायनं. लय दिसानं."

मी खाली पाहत होते. मामींनी माझा चेहरा पाहिला आणि मी न सांगताच त्यांना कळलं.

"नाही चालवत?"

"नाही मामी."

मामी पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "बरं झालं त्यायले माहीत नाही झालं." आणि उठून मला पान वाढायला आत गेल्या.