सरकारी सत्तरी

श्री. सहादू काशिनाथ काकड, राहणार मखमलाबाद, तालुका व जिल्हा नाशिक, जन्मतारीख १ जून १९५४, व्यवसाय फुलशेती, पोहण्याचा प्रकार बटरफ्लाय, अंतर पन्नास मीटर, हे ज्येष्ठांच्या जलतरण स्पर्धेत सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयोगटात प्रथम आले असून त्यांची कामगिरी नियमानुसार असल्याचे प्रमाणित करण्यात येत आहे.

यातली जन्मतारीख मास्तरांनी दिलेली आहे. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराला मास्तर डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाती लागला की पोरगं सहा वर्षांचं, आणि जन्म एक जूनचा. गावातली निम्मी पिढी अशी एकाच दिवशी जन्मली. त्या दिवशी सुईणीने कसं निभावलं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

सहादूची आई भागुबाई मात्र शेवटपर्यंत सांगायची, "माझा सहादू सिंहस्थातला. रामकुंडावर ही गर्दी, आन् मी हितं कळा देत व्हते." सिंहस्थ छप्पनचा. म्हणजे शाळेत गेला तेव्हा पोरगा जेमतेम चारचा. पण हात लांब होते. कान लागला आणि दोन वर्षं जादा चिकटली.

शेतकऱ्याला निवृत्ती नसल्यामुळे त्या दोन वर्षांनी सहादूचं काही बिघडवलं नाही. उलट फायदाच केला. लहानपणी कमरेला डबा बांधून विहिरीत शिकलेलं पोहणं घेऊन तो पन्नाशीच्या आसपास महापालिकेच्या तलावावर आला, शाळेच्या पोरांचं बघून बटरफ्लाय उचलला आणि ज्येष्ठांच्या स्पर्धांत उतरू लागला. या स्पर्धांत दर पाच वर्षांनी गट बदलतो. साठीला टेकलेला माणूस साठीच्या गटातला पोरगा असतो. त्यामुळे माणसं म्हातारं व्हायची वाट बघतात अशी ही बहुधा एकच जागा असावी. सहादू प्रत्येक गटात दोन वर्षं आधी पोचायचा. लबाडी म्हणाल, तर त्याने काही केलं नव्हतं. फक्त कान धरला होता.

त्याचा तलावावरचा सोबती हारुन शेख. जुन्या नाशकात शिलाई मशीन दुरुस्त करणारा. हाही छप्पनचाच, पण दवाखान्यात जन्मल्यामुळे तारीख अस्सल. हारुन ब्रेस्टस्ट्रोकवाला, म्हणजे तलावाच्या भाषेत बेडूक.

पोहण्याचा प्रत्येक प्रकार माणसाला आपापल्या पद्धतीने सोडून जातो. फ्रीस्टाइल सज्जन आहे. दरवर्षी थोडं थोडं आवरत, सांगून सवरून निघतो. ब्रेस्टस्ट्रोक मुळातच सावकाश, त्यामुळे तो निघालाय हे बरीच वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. बटरफ्लाय मात्र भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखा. काल होता, आज खोली रिकामी.

कागदावर सत्तरी लागली त्या हिवाळ्यात सहादूचा डावा खांदा कुरकुरू लागला. फुलांचे क्रेट उचलताना नाही, फक्त पाण्यात, पल्ला संपत आला की. हारुनने मोबाइलवर कुठल्यातरी अभ्यासकांचा लेख काढला आणि काठावर बसून वाचून दाखवला. पोहणाऱ्याचा वेग सत्तरीपर्यंत हळूहळू उतरतो, सत्तरीनंतर कड्यावरून पडल्यासारखा एकदम घसरतो, असा त्याचा सारांश होता.

"घे, सहादूशेठ. तुझा कडा आला."

"कडा मास्तरांचा आला. माझा दोन वर्षांनी."

"खांद्याला विचारलंस का, तो कुणाची तारीख मानतो?"

सहादू हसला नाही. हिशोब गंभीर होता. अडुसष्टचा असेल, तर बटरफ्लायची दोन वर्षं अजून शिल्लक. सत्तरचा असेल, तर मास्तरांनी तेव्हा उचल म्हणून दिलेली वर्षं आता वसूल होत होती. स्पर्धा नाशकातच होती. बटरफ्लायच्या नियमाप्रमाणे दोन्ही हात बरोबरीने पाण्यावरून आणत पन्नास मीटर भिंतीपर्यंत जायचं, म्हणजे खांद्याचं वय कळेल, असं त्याने ठरवलं. नव्या गटात या प्रकाराला दुसऱ्या कुणी नावच दिलं नव्हतं. पदक भिंतीला टांगलेलंच होतं, फक्त बाद न होता तिथवर पोचायचं.

हारुननेही पासष्टच्या गटात बटरफ्लायला नाव दिलं.

"तुला येतंय का ते?" सहादूने विचारलं.

"हात तुझे, पाय बेडकाचे. ज्येष्ठांना चालतं. नियम वाचला मी."

दोन्ही गट एकत्रच सोडले. दोघे शेजारच्या लेनमध्ये होते. निम्म्या वाटेपर्यंत सहादू असा गेला की काठावरची पोरं मोबाइल काढून उभी राहिली. मग काहीतरी उतरलं. उजवा हात पाण्यावरून आला आणि डावा पाण्याखालून, उशिरा, बिनबोलावल्या पाहुण्यासारखा. पुढच्या खेपेलाही तसंच. हारुन एकाच चालीने शेजारून निघून गेला आणि आधी भिंतीला लागला.

काठावर पंच तृप्ती जाधव उभ्या होत्या. बाद करायचं तर त्यांनी हात वर करायचा होता. त्यांनी केला नाही.

सहादू पाण्याबाहेर आला तो थेट त्यांच्याकडे.

"मॅडम, माझा डावा हात पाण्याखालून आला."

"बघितलं मी, काका."

"मग?"

"या वयात पन्नास मीटर बटरफ्लाय मारलंत! सत्तरीत एवढं चालतं."

"सत्तरीत चालत आसंल. मी सत्तरीचा नाय. सिंहस्थातला हाय."

तृप्तीबाईंनी हारुनकडे पाहिलं. "चाचा, काय म्हणतायत हे?"

"खरं म्हणतोय. अडुसष्ट. माझ्याएवढाच."

"आधारवर सत्तर आहे ना? मग संपलं. आणि निकाल वर गेलाय, काका. हात वर केला नाही म्हणजे चूक झाली नाही."

"पण झाली ना!"

"झाली. पण नाही झाली."

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर त्याचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, पदक गळ्यात आलं. हारुन पासष्टच्या गटात चौथा आला आणि त्याला पोहे मिळाले.

दोघे पायरीवर बसले. सहादूने डावा हात उचलला, डोक्यावरून पलीकडे नेला आणि उजवा कान शोधू लागला. बोटं टाळूपाशी थांबली. थोडं रेटून पाहिलं, तोंड वाकडं झालं, हात खाली आला.

"नाय लागत."

हारुनने पोह्यांतली मिरची बाजूला काढली. "मग आज मास्तर असते तर नाव घातलं नसतं. म्हणाले असते, घेऊन जा, अजून लहान आहे."

आता सहादू हसला, जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "मास्तरांची तारीख खोटी आन् मायची खरी, एवढंच धरून बसलो मी. खांद्यानं दोन्ही इचारल्या नाय."

"माझा खांदा अडुसष्टचा आहे," हारुन म्हणाला, "कारण मी त्याला कधी काही सांगितलंच नाही."

प्रमाणपत्र नंतर टपालाने आलं. सूनबाईंनी ते फ्रेम करून देवघराशेजारी लावलं आहे. फुलं घ्यायला येणारे ते उभ्याने वाचतात आणि काकांना विचारतात, अजून मारता का बटरफ्लाय?

सहादू ब्रेस्टस्ट्रोक पोहतो. हारुनच्या मागे.