राजूरच्या खाचरातला बेबीचा कोपरा

भिंगारहून सकाळी निघताना नवऱ्याने विचारलं, "राजूरला एवढं आहे तरी काय?"

"चांगुणा आहे," मी म्हटलं.

चांगुणा माझी डी.एड.ची मैत्रीण, आता माझ्यासारखीच निवृत्त. तिच्या राजूरला माझे बाबा वीस-बावीस वर्षं शिक्षक होते, पण मला त्यांनी तिथे एकदाही नेलं नाही. सुट्टीत ते घरी यायचे, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून खुर्चीत बसायचे आणि मोजकंच बोलायचे. गेल्या वर्षी ते गेले. परवा चांगुणेचा फोन आला, "नवा भात निघालाय. ये. तुला एक सांगायचंय."

संगमनेरपर्यंत दोन्ही अंगांना ऊसच ऊस. अकोले मागे पडलं आणि डोंगर जवळ सरकले, हवेला गारवा आला. खिडकीबाहेर बघण्याच्या नादात मी एक थांबा आधीच उतरले. हातात चिवड्याची पिशवी घेऊन मोकळ्या रस्त्यावर उभी राहिले. तेवढ्यात कोबीने भरलेला एक टेम्पो थांबला.

"कुनाकडं जायाचं, ताई?"

चांगुणेचं नाव सांगितलं, बाबांचंही सांगितलं.

"गुरुजींची लेक तुमी? मग म्होरं बसा की! माज्या बापाला त्यांनीच साईकल शिकवली."

मी म्होरं बसले. सायकल मी शेजारच्यांच्या गंजक्या सायकलीवर, एकटीने, पडून-झडून शिकले. गुडघ्यावरचा व्रण अजून आहे. बाबांना सायकल धरता येते हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

चांगुणेने दारातच मिठी मारली. जेवायला नागलीची भाकरी, हुलग्याचं शेंगोळं आणि काळभात (काळसर साळीचा वासाचा तांदूळ). झाकण काढल्याबरोबर तो वास ओळखीचा वाटला. दर दिवाळीला बाबा हाच तांदूळ आणायचे. "बाजारातून आणला," म्हणायचे.

"बाजारातून?" चांगुणा हसली. "चल, दावते."

घरामागे ओढ्यापर्यंत कापणी झालेली खाचरं (बांध घातलेली भातशेतं) होती. बांधावर बसून ती बोलू लागली.

"तुजे बाबा आवनीला, म्हंजे भाताची रोपं लावाया, यायचे आमच्याकडं. शाळा सुटली की सदरा काढून खुंटीला, धोतराचा काचा मारला की चिखलात. आमच्या आयांसंगं गानी म्हनायचे. आवाज लई गोड हुता त्यांचा."

"बाबा गायचे?"

"गायचे म्हंजे? चिखल फेकायचे आमच्या अंगावर! मला पवायला त्यांनीच शिकवलं, ह्या वढ्यात."

मी चांगुणेकडे बघितलं. चाळीस वर्षांची मैत्रीण माझी, पण त्या क्षणी मला ती अजिबात आवडली नाही. माझ्या वाटणीचे बाबा हिने वापरून टाकले होते. गाणारे, चिखल फेकणारे, पोहायला शिकवणारे हिला, आणि मला काय, तर घडी न मोडलेला सदरा! मत्सर वाटला, साफ सांगते. साठीतल्या बाईने ओढ्याकाठी बसून मैत्रिणीचं बालपण हिसकावून घ्यावंसं वाटणं शोभत नाही, पण वाटलं.

"इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला होता.

"त्यांनी शपथ घातल्याली. मास्तर चिखल तुडवतो म्हून भिंगारात हसतील, म्हनायचे. आता वरीस झालं. म्हटलं, सांगावं."

"तू नशीबवान. मला यातलं काही मिळालं नाही."

चांगुणा बांधावरून उठली. मग तिने खाचराच्या टोकाकडे बोट केलं. ओढ्याकडचा एक तिरपा तुकडा होता, चार पावलांचा.

"त्यो कोपरा बगितला? तिथं ते एकटेच लावायचे. मी एकदा रोप लावाया गेले तर मला उठवलं. म्हनले, ह्यो बेबीचा कोपरा. तिथली साळ येगळी झोडायचे, येगळी कांडायला लावायचे. त्योच तांदूळ तुमच्याकडं यायचा. लई राग यायचा मला तुजा. कोन ही बेबी, असं वाटायचं."

बेबी मी. घरात मला ते त्या नावाने फार क्वचित हाक मारायचे.

"अजून आमी त्या कोपऱ्याला तेच म्हनतो," ती म्हणाली.

निघताना तिने त्या कोपऱ्यातला तांदूळ दिला. एसटीत पिशवी मी वर ठेवली नाही, मांडीवरच धरली. नगर येईपर्यंत हाच विचार होता. दिवाळीत पहिल्या पंगतीला बाबा मला एकच प्रश्न विचारायचे, "बेबी, भात कसा झालाय?" मला वाटायचं, आईच्या स्वयंपाकात खोट काढायचीय यांना. मी ताटातून मान वर न करता म्हणायची, "बरा आहे." ते मान हलवायचे आणि जेवू लागायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भात शिजवला. घरभर वास सुटला. नवऱ्याला वाढला आणि समोर बसले. तो मोबाईलमध्ये बघत जेवत होता. दोन घास होईपर्यंत थांबले, मग राहवलं नाही.

"भात कसा झालाय?"

त्याने मान वर केली नाही.

"बरा आहे," तो म्हणाला.